पत्त्यावर गाव नसतं, तरी पत्र पोचतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: लग्नाला वर्षही झालेलं नाही. सासर गुहागर तालुक्यात, नवरा मराठा लाईट इन्फन्ट्रीत नाईक. मे 2025 मध्ये तो सुटीवर आला, नवव्या दिवशी पलटणीतून फोन आला आणि त्याच रात्रीची गाडी धरून परत गेला. सीमेवरचा गोळीबार थांबला, गणपती येऊन गेले, तरी तो अजून पुढच्या पोस्टवरच, म्हणजे सीमेजवळच्या चौकीवर, आहे. आठ-दहा दिवसांनी फोन येतो, तोही तीन-चार मिनिटं. त्यातली निम्मी सासूबाईंची. माझ्याशी तो "हां, बरं, जेवलीस का" एवढंच बोलतो. मी रडते नाहीतर भांडते. पत्र लिहावं का? पोचतं का? काय लिहावं, काय लिहू नये? दिवाळीचा फराळ पाठवता येईल का?

ताई, मी लढणारा फौजी नव्हे. टपाल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि तिथून डेप्युटेशनवर फौजेच्या डाक सेवेत गेलो. कामठीला ट्रेनिंग झालं, मग सतरा वर्षं वेगवेगळ्या फील्ड पोस्ट ऑफिसांत काढली. हातात बंदूक क्वचित, शिक्का रोज. हजारो नवरा-बायकोंची पत्रं माझ्या हातून गेली. वाचली एकही नाही, पण पाकीट किती जाड आहे, किती दिवसांनी आलंय आणि घेणारा ते कुठे बसून उघडतो, एवढ्यावरूनही बरंच कळतं. आता दापोली तालुक्यात घरी असतो आणि वाडीतल्या फौजींच्या घरच्यांची ही असलीच कामं करतो.

पहिल्यांदा त्या "जेवलीस का" बद्दल. तुम्ही घरात आहात, तो कुठे उभा आहे हे डोळ्यांसमोर आणा. पुढच्या पोस्टवर बहुतेक वेळा मोबाईलला रेंज नसते किंवा मोबाईल जमा असतो. सॅटेलाइट फोन असला तर तो एकच. मागे सात-आठ जण रांगेत, त्यातला एक घड्याळ बघतोय, दुसरा त्याच्याच सेक्शनचा. पूर्वी या फोनला मिनिटाला 5 रुपये पडायचे, 2017 च्या दिवाळीपासून ते 1 रुपयावर आलं. पैशाची अडचण गेली, रांगेची तशीच राहिली. त्या रांगेसमोर कोकणातला गडी बायकोला काय बोलणार? आपले पुरुष पडवीत चार माणसं बसली असतील तर बायकोला नावानेही हाक मारत नाहीत. तो "जेवलीस का" म्हणतो, त्यात त्याला जेवढं कोंबता येतं तेवढं त्याने कोंबलेलं असतं. तुमच्याकडेही फोन स्पीकरवर, सासूबाई शेजारी, शेजारच्या काकी दारात. म्हणजे दोघंही गर्दीतच बोलताय. अशा फोनवर भांडण मिटत नाही, फक्त सुरू होतं. आणि लाईन तुटली की पुढचे आठ दिवस ते तिथेच राहतं.

म्हणून माझं म्हणणं असं की फोन आवाजापुरता ठेवा आणि बोलणं पत्रात करा. फोनवर सासूबाईंना पहिलं बोलू द्या, आणि मनापासून द्या. त्यांचं "बाबू, बरा आहेस ना रे" झालं की त्या शांत होतात, नाहीतर तुमच्या मिनिटांतही त्या मागून प्रश्न विचारत राहतात. मग तुमच्या दोन मिनिटांत आधीच ठरवलेली एकच गोष्ट सांगा. हसण्यासारखी असली तर उत्तम.

आता पत्र पोचतं का. पोचतं. कसं पोचतं ते सांगतो, कारण ते कळलं की धीर येतो. पत्त्यावर त्याचा आर्मी नंबर, हुद्दा, नाव, कंपनी, पलटण आणि खाली "केअर ऑफ 56 एपीओ", म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. पूर्वेकडे असेल तर 99 एपीओ. पिन कोड 9 ने सुरू होणारा. गाव नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. तुमच्या गुहागरच्या पोस्टात टाकलेलं हे पत्र 56 एपीओचं असेल तर दिल्लीच्या, 99 चं असेल तर कोलकात्याच्या बेस पोस्ट ऑफिसात जातं. पलटण आज कुठे आहे हे तिथल्या माणसांना माहीत असतं. पत्रं त्याप्रमाणे लावून त्या भागातल्या फील्ड पोस्ट ऑफिसकडे रवाना होतात. तिथून पलटणीचा डाकवाला थैली उचलतो आणि पुढे कधी गाडीने, कधी खेचरावर, बर्फाने वाट बंद झाली तर हेलिकॉप्टरने. पलटण हलली तरी तुमचा पत्ता बदलत नाही. तो कुठे आहे हे तुम्हाला माहीत नसलं तरी पत्राला माहीत असतं. त्याच्याकडून येणाऱ्या पत्रावरही गावाचा शिक्का दिसणार नाही, फक्त फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असेल. तो नंबर नकाशावर शोधत बसू नका. आमच्या वाडीतल्या एकाने हे उद्योग केले आणि चुकीच्या राज्यातल्या चुकीच्या बातम्या बघून बायकोमाणसांना रडवलं.

पोस्टात अडीच रुपयांचं आंतर्देशीय मिळतं, ते पुरे. त्याला तिकडे फौजी पत्र फुकट मिळतं, तेव्हा "वेळ नव्हता" हे कारण ऐकून घ्या, पण "कागद नव्हता" हे ऐकू नका. महत्त्वाची कागदपत्रं पाठवायची असतील तर स्पीड पोस्ट करा. जुनं रजिस्टर्ड 1 सप्टेंबर 2025 पासून त्यातच विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर "रजिस्टर करा" म्हणालात तरी हातात स्पीड पोस्टचीच पावती येईल.

आणि प्रत्येक पत्रावर नंबर घाला. वर उजव्या कोपऱ्यात तारीख, डाव्या कोपऱ्यात 1, 2, 3. ही सूचना मी सगळ्यांना करतो आणि निम्म्या जणी विसरतात, म्हणून का ते सांगतो. एका हिवाळ्यात आमच्याकडे एकोणीस दिवस डाक वर गेली नाही. मग एकदम तीन थैल्या. चिपळूणकडचा एक शिपाई होता. त्याच्या नावाची तीन पत्रं मी त्याच्या हातात दिली. त्याने सगळ्यात वरचं फोडलं. आत होतं, "बाबांना काल घरी आणलं, आता पेज खातात." कुठून आणलं? का? दुसऱ्या दोन पत्रांत बाबांचं नाव नव्हतं, ती आधीची होती. मधलं एक पत्र कुठेतरी अडकलं होतं. ते नऊ दिवसांनी आलं. त्या नऊ दिवसांत तो माणूस रोज संध्याकाळी माझ्या तंबूशी येऊन उभा राहायचा, काही विचारायचा नाही. पत्रावर नंबर असता तर त्याला एवढं तरी कळलं असतं की मधलं एक यायचंय आणि उत्तर त्यात आहे.

काय लिहावं? रोजचं लिहा. तुम्हाला वाटतं यात सांगण्यासारखं काय आहे, पण त्याला तेच हवं असतं. भात पसवलं का, मळ्यात रानडुक्कर शिरलं का, विहिरीचं पाणी कुठवर आलंय, गौरीच्या पूजेला कोण कोण आलं, पाटल्यादारची पायरी पुन्हा निसटली ती कुणी बसवली. "तुझी आठवण येते" हे एकदा लिहा, दहादा लिहू नका. दहादा वाचून त्याला करता येण्यासारखं तिथे काहीच नसतं. पायरी निसटली म्हटलं की तो रात्री ड्युटीवर उभा राहून मनातल्या मनात ती बसवतो. कुठला दगड काढायचा, चुना किती, सिमेंट किती. एका हवालदाराने मला बायकोच्या पत्रातला गोठ्याचा नकाशा दाखवला होता. तिने पेन्सिलीने काढलेला, वासे मोजून लिहिलेले. महिनाभर त्यांचा त्यावर पत्रव्यवहार चालला होता, पन्हाळ कुठल्या बाजूला काढायची यावरून. त्यांच्यात भांडण नव्हतं असं नाही, पण भांडायला विषय बरा होता.

त्याला प्रश्न विचारा, पण उत्तर देता येईल असे. "कुठे आहेस", "किती जण आहात", "परत गोळीबार झाला का" हे विचारू नका. तो सांगू शकत नाही, आणि न सांगितल्याचं त्यालाच लागतं. "लंगरात काय होतं", "तुझ्या शेजारी कोण झोपतो, घोरतो का", "मोजे पुरतात का" हे विचारा.

यावरून एक जुनी गोष्ट. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गेलेल्या आपल्या शिपायांची पत्रं इंग्रज सरकार उघडून वाचायचं. हिंदुस्थानी शिपायांच्या टपालासाठी वेगळा सेन्सॉर होता. शिपायांना ते माहीत होतं, म्हणून ते आडून लिहायचे. 1915 च्या सुमारास एकाने घरी कळवलं की काळी मिरी फार खर्च झाली, आता लाल मिरची वापरतात. काळी मिरी म्हणजे आपली माणसं, लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरने ते बरोब्बर ओळखलं आणि नोंदवून ठेवलं, म्हणून तर आज आपल्याला ते वाचायला मिळतं. असल्या युद्धाच्या खुणा करायला जाऊ नका. त्या तिसऱ्याला नेहमी कळतात.

पण दोघांची म्हणून एखादी खूण जरूर ठेवा. माझे वडील 1971 च्या लढाईत पूर्वेकडे होते. आईला लिहिता येत नव्हतं. गावचे गुरुजी पडवीत बसून पत्र लिहायचे. भोवती आजी, चुलत्या, आम्ही पोरं. "साष्टांग नमस्कार विनंती विशेष" पासून सुरुवात, आणि मजकूर सगळा आजीचा. शेवटी गुरुजी आईकडे बघून विचारायचे, तुझं काही? आई दाराआडून सांगायची, "दारातला अनंत फुलालाय म्हणून लिवा." प्रत्येक पत्रात. डिसेंबर महिन्यात गुरुजी पेन थांबवून म्हणाले, "अगो, मार्गशीर्षात कुठला अनंत?" आई म्हणाली, "असू दे. लिवा तुम्ही." गुरुजींनी लिहिलं. वडिलांच्या उत्तरात आजीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं असायची आणि शेवटी एक ओळ, अनंताला पाणी घालत जा. त्या अनंताचा अर्थ काय ते आम्ही कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर आईने पाठीत धपाटा घातला असता. फोन स्पीकरवर असला तरी चालेल असं काहीतरी तुम्हा दोघांचंही असू द्या.

आता वाईट बातमीचं. घरात कुणी आजारी पडलं, पडझड झाली, तुमचंच काही दुखलंखुपलं, तर लपवू नका. ती कुठून ना कुठून त्याच्यापर्यंत जातेच, आणि गावातल्या मित्राच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून कळली तर पुढे तुमच्या "सगळं ठीक आहे" वर तो विश्वास ठेवत नाही. सांगताना क्रम मात्र सांभाळा. आधी माणसं, मग बाकीचं. यात माझ्याकडूनच एकदा चूक झाली आहे.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आलं. दापोली-मंडणगडची काय दशा झाली ते तुम्हाला सांगायला नको. नारळी-पोफळी आडव्या, विजेचे खांब आडवे, मोबाईलचे टॉवर मुके. एरवी रेंजसाठी आम्ही सड्यावर चढतो, तेव्हा सड्यावरही काही नव्हतं. आणि तेच दिवस लडाखमध्ये तणावाचे, गलवानची झटापट त्याच महिन्यातली. आमच्या वाडीतले सात जण तेव्हा फौजेत होते. म्हणजे त्या वेळी गप्प आपण होतो आणि काळजी ते करत होते. चौथ्या दिवशी मी सात घरांतून सात चिठ्ठ्या घेतल्या आणि मोटारसायकलवरून खेडच्या दिशेने निघालो, रेंज मिळेल तिथवर. वाटेत झाडं पडलेली, दोन ठिकाणी गाडी उचलून पलीकडे घ्यावी लागली. रेंज मिळाल्यावर एकेकाच्या पलटणीत फोन लावून चिठ्ठी वाचायला लागलो. पाचवी चिठ्ठी बायकोने घाबऱ्या घाबऱ्या जशी सुचली तशी लिहिली होती आणि मी तशीच वाचली. "घर बसलं, गोठा गेला, आंब्याचं झाड माजघरावर," आणि लाईन तुटली. पुढची ओळ होती, "आम्ही सगळी शाळेत होतो, कुणाला खरचटलंही नाही." ती ओळ त्याच्यापर्यंत पोचायला संध्याकाळ झाली. ते पाच तास त्याने कसे काढले ते त्याने मला पुढे सुटीवर आल्यावर सांगितलं. मी तेव्हा खाली मान घालून ऐकलं. तेव्हापासून माझ्यामार्फत जाणाऱ्या प्रत्येक निरोपाचे पहिले शब्द ठरलेले आहेत, "माणसं सगळी बरी आहेत."

कुणी गंभीर आजारी असेल आणि त्याला खरंच यायला लागणार असेल, तर फोनवर रडून उपयोग नाही, कागद लागतो. डॉक्टरांचा दाखला घ्या, पलटणीच्या पत्त्यावर अर्ज पाठवा आणि रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. ती माणसं पलटणीशी बोलतात, आणि त्यांच्या शब्दाला वजन असतं. पूर्वी हे काम तारेने व्हायचं, "मदर सिरियस, कम सून". इतक्या आया इतक्या वेळा सिरियस झाल्या की साहेब लोक तार बघून हसायचे आणि जिल्ह्याकडून खात्री करून घ्यायचे. तार 2013 च्या जुलैत बंद झाली, खात्री करून घेणं राहिलं.

तुमचं लग्न नवं आहे म्हणून एक विचारतो. लग्नाची पार्ट टू ऑर्डर निघाली का? म्हणजे फौजेच्या कागदावर तुम्ही त्याची बायको म्हणून चढलात का? पुढच्या पत्रात हे नवऱ्याला विचारा, बिनदिक्कत. आधारवरचं नाव आणि तिकडचं नाव एका अक्षराने वेगळं असलं तरी नंतर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसपर्यंत हेलपाटे पडतात. त्याचा आर्मी नंबर पाठ करा आणि वहीतही लिहा. मोबाईलमध्ये आहे म्हणाल, तर मोबाईल विहिरीत पडतो.

फोन आठ दिवसांऐवजी पंधरा दिवसांनी आला तर काय समजायचं? काही समजायचं नाही. पोस्ट बदलली असेल, बॅटरी गेली असेल, फोनच बंद ठेवायचा हुकूम असेल. खरोखर काही घडलं तर निरोप पलटणीकडून अधिकृतपणे येतो, टीव्हीवरून नाही आणि कुणाच्या फॉरवर्डवरूनही नाही. टीव्ही संध्याकाळी बंद ठेवा असं सासऱ्यांना सांगायची हिंमत तुम्हाला होणार नाही, ते काम त्याच्या एखाद्या पत्रावर सोपवा.

त्याचा गणवेशातला फोटो स्टेटसला ठेवू नका, तो कधी निघाला, कधी पोचला हे कुठेही टाकू नका. "मी रेकॉर्ड ऑफिसातून बोलतोय, साहेब सध्या कुठे आहेत" असा फोन आला तर ठेवून द्या. रेकॉर्ड ऑफिसला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. फौजेने 2020 मध्ये जवानांना फेसबुकसकट 89 अ‍ॅप काढून टाकायला लावली होती, त्यामुळे तो फेसबुकवर दिसत नाही म्हणून संशय घेऊ नका. हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण दुसऱ्या एकीने विचारलं होतं.

राहिला फराळ. पाठवा, आणि आजच पाठवा, दिवाळी जवळ आली. डबा पत्र्याचा घ्या, प्लास्टिकचा फुटतो. चकली प्रवासात मोडते, तिचा चुरा लंगरात चहाबरोबर संपतो, वाया जात नाही. रव्याचे लाडू, शंकरपाळे, कुळथाचं पीठ, आंबापोळी, काजू चालतं. लोणचं आणि तेल नको, एक बाटली फुटली की अख्ख्या थैलीतली पत्रं तेलकट होतात आणि शिव्या आम्ही खातो. नऊ जणांना पुरेल एवढं पाठवा, कारण डबा एकट्याचा कधीच नसतो.

आणि सुकी मासळी पाठवू नका. एकदा मालवणकडून कुणाच्या तरी बायकोने जुन्या साडीत शिवून सोडे आणि सुके बोंबील पाठवले होते. वाटेत पावसात भिजलेलं पार्सल माझ्या तंबूत येऊन पडलं. धनी गस्तीवर, तीन दिवस येणार नव्हता. माझा पंजाबी साथीदार पहिल्या रात्रीच बिस्तरा उचलून दुसऱ्या तंबूत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक शिपाई आला, रत्नागिरीचा. "साहेब, डाक आली काय?" आज डाक नाही हे त्याला माहीत होतं, सकाळीच सांगितलं होतं. मग अलिबागकडचा एक आला. मग वेंगुर्ल्याचे दोघं. कुणी काही बोललं नाही. चौघंही पार्सलाशेजारी खोक्यांवर बसले, चहा मागवला आणि अंधार पडेपर्यंत उठले नाहीत.